आज आईने उठायचं नाही

आईच्या सत्तरीला आम्ही तिला मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात नेलं होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, प्रत्येकासमोर तीन-तीन काटे, कार्डावर एकेका पदार्थाचं नाव दोन ओळींचं. आईने आधी उजवीकडचे आकडे वाचले आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त काय ते मागवलं. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटल्या एकात एक रचून तिने वेटरच्या हाती दिल्या. परतताना टॅक्सीत विचारलं, "कसं होतं?" तर म्हणाली, "तो पाणी वाढणारा मुलगा फार चांगला होता रे. माझा ग्लास रिकामा होऊच दिला नाही."

पदार्थ तिला एकही आठवत नव्हता. पन्नास वर्षं सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी स्वतःचं पान घेणाऱ्या बाईला त्या संध्याकाळी कुणीतरी न मागता पाणी वाढलं, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

म्हणून पंचाहत्तरीला तसं जेवण आम्ही घरीच केलं. हॉटेलाकडून तीन गोष्टी उसन्या घेतल्या: एका वेळी एकच पदार्थ, तो थोडाच, आणि जिचा वाढदिवस तिने खुर्चीवरून न उठणं. बाकी सगळं आपलं. आमचा वाढदिवस जानेवारीतला, म्हणून बेत थंडीचा आहे. तुमच्याकडे ऋतू वेगळा असेल तर भाज्या बदला, क्रम तोच ठेवा. प्रमाण सहा माणसांचं आहे.

१. आधी माणसं ठरवा, मग पदार्थ

घरात आठ माणसं असतील तर टेबलावर सहाच बसतील. उरलेल्या दोघांपैकी एक आचारी, दुसरा वाढपी. आमच्याकडे आचारी मी आणि वाढपी दादा. टेबलावर आई, बाबा, मावशी, वहिनी, माझी बायको आणि पुतणी. ही वाटणी टाळू नका. 'सगळे मिळून करू' म्हटलं की आयत्या वेळी सगळं आईच करते, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे. आचारी आणि वाढपी मागच्या पंगतीला बसतील, हेही आधीच बोलून घ्या.

याच वेळी पथ्यं विचारून ठेवा. कुणाला साखर आहे, कुणाला दाण्यांनी त्रास होतो, कुणाची कवळी आहे. वयस्कर माणसांसाठी सात-सव्वासातला जेवण सुरू व्हावं आणि सव्वानऊपर्यंत आटपावं.

२. बेत: सात टप्पे

एकामागून एक पदार्थ टेबलावर आणायची पद्धत फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात रुळली आणि तिला तिथे 'रशियन पद्धत' म्हणतात. त्याआधी त्यांच्याकडे बरेच पदार्थ एकदम टेबलावर मांडत. आपलं पान दिसायला त्या जुन्या रीतीसारखं: वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. पण खाण्याचा क्रम पंगतीत पक्का असतो. आधी वरणभात-तूप, मग पोळी किंवा पुरी आणि गोड, मधे मसालेभात, शेवटी ताकभात. म्हणजे टप्प्याटप्प्याने जेवणं आपल्याला नवं नाही. फक्त पानातले पदार्थ सुटे करून एकेक पुढे आणायचे.

आमचा बेत असा होता:

- एका घासाची सुरळीची वडी
- कपातून टोमॅटोचं सार
- एक भरलं वांगं आणि लहान भाकरी
- कोकमाचा खरवडलेला बर्फ
- मसालेभाताची मूद
- केशरी श्रीखंड आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी
- विडा

प्रत्येक पदार्थ नेहमीच्या वाढपाचा तिसरा हिस्सा. हे ऐकून मावशी म्हणाली होती, "एवढंसं वाढायला लाज नाही वाटत?" सातव्या टप्प्याला तिनेच विडा अर्धा करून मागितला.

३. भांडी मोजा

सहा माणसं, सात टप्पे. प्रत्येक वेळी नवी ताटली काढायची तर बेचाळीस भांडी लागतील. तेवढी कुणाकडे नसतात आणि लागतही नाहीत. वडीला लोणच्याच्या बशा, साराला चहाचे कप, वांग्याला मोठ्या ताटल्या, बर्फाला स्टीलच्या वाट्या, श्रीखंडाला काचेच्या वाट्या. भाताला वांग्याच्याच ताटल्या, मधल्या वेळात धुऊन पुसून. विड्यांना एक तबक. भांडी एकसारखी नसली तरी चालतात, पण एका टप्प्याची सहा भांडी एकसारखी हवीत.

गरम पदार्थाची ताटली गरम हवी. गार चिनीमातीवर भात पाच मिनिटांत निवतो. ओव्हन नसेल तर ताटल्या कढत पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा आणि पुसून वापरा. बर्फाच्या वाट्या उलट आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये टाका.

४. दोन दिवस आधी: दही बांधा

एक किलो ताजं, आंबट नसलेलं दही पंचात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. बाहेर टांगलं तर चक्का आंबतो. सकाळी साधारण चारशे ग्रॅम चक्का मिळेल. दही पातळ असेल तर थोडा कमी.

५. आदल्या दिवशी: श्रीखंड, बर्फ, सारण

*श्रीखंड.* चक्क्यात तीनशे ग्रॅम साखर मिसळून तासभर झाकून ठेवा. साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पातळ होतं. पंधरा-वीस काड्या केशर टेबलस्पूनभर कोमट दुधात अर्धा तास भिजवून घाला. वर जायफळ किसा, पाव चमच्याहून कमी. फ्रिजमध्ये ठेवा. साखरेचं पथ्य असलेल्याचा वाटीभर चक्का साखर घालण्याआधीच बाजूला काढा आणि त्यात फक्त केशर घाला.

*कोकमाचा बर्फ.* मोठ्या हॉटेलात मुख्य जेवणाआधी तोंडाची चव पुसायला एखादं आंबट सरबत गोठवून देतात. आपल्याकडे त्यासाठी कोकम आहेच. एक वाटी अमृत कोकम, तीन वाट्या पाणी, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव. चव घ्या. प्यायच्या सरबतापेक्षा किंचित गोड हवी, कारण गोठल्यावर गोडी कमी लागते. पसरट स्टीलच्या डब्यात ओतून फ्रीझरमध्ये ठेवा. दीड तासाने कडेला खडे धरतील, ते काट्याने खरवडून मधे आणा. पुढे दर अर्ध्या-पाऊण तासाने तीन-चार वेळा असंच. शेवटी ओल्या वाळूसारखा जांभळट लाल चुरा झाला पाहिजे. अॅल्युमिनियमचा डबा घेऊ नका, कोकमाच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

*वांग्याचं सारण.* पाव वाटी किसलेलं सुकं खोबरं आणि दोन चमचे तीळ वेगवेगळे भाजून कुटा. त्यात पाव वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे गोडा मसाला, एक चमचा तिखट, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, मीठ आणि मूठभर कोथिंबीर. डब्यात भरून ठेवा. दाणे चालत नसतील तर कूट वगळून तीळ दुप्पट करा.

नारळही आजच खवून ठेवा. एका नारळात सगळं भागतं.

६. वाढदिवसाची दुपार: आईला घराबाहेर काढा

हा टप्पा गमतीने लिहिलेला नाही. आई घरात असेल तर ती चार वाजता 'नुसतं बघायला' स्वयंपाकघरात येणार आणि साडेचारला तिच्या हातात विळी असणार. तिला मावशीबरोबर दुपारच्या नाटकाला पाठवा. नाटक नसेल तर मैत्रिणीकडे. आम्ही वहिनीला सोबत दिलं आणि सांगितलं की सातच्या आत परत आणायचं नाही.

*चार वाजता, साराची तयारी.* साडेसातशे ग्रॅम लालबुंद टोमॅटो, दोन मिरच्या आणि इंचभर आलं पाण्यात शिजवा, गार करून वाटा, गाळा. एका नारळाच्या अर्ध्या खवाचं वाटीभर दाट दूध काढून वेगळं ठेवा. दोन्ही आत्ताच एकत्र करू नका.

*पाच वाजता, सुरळीची वडी.* एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ, आलं-मिरचीचं अगदी बारीक वाटण. गुठळी राहू देऊ नका, शंका आली तर गाळून घ्या. मध्यम आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवा. झालं की नाही हे घड्याळावरून कळत नाही: थोडं पीठ ताटलीवर पसरा, मिनिटभर थांबा, कड उचलून बघा. अख्खं सुटून आलं तर झालं, चिकटलं तर अजून दोन मिनिटं. मग घाई करा. दोन मोठ्या ताटांच्या पाठीवर पळीने पातळ पसरा, खोबरं-कोथिंबीर भुरभुरा, दीड इंची पट्ट्या कापून गुंडाळ्या करा. वीसच्या आसपास होतील. बारा टेबलासाठी, बाकीच्या आचाऱ्याच्या. मोहरी, तीळ आणि हिंगाची फोडणी वाढायच्या आधी द्या.

*साडेपाच वाजता, वांगी.* आठ लहान काटेरी वांगी घ्या: सहा ताटलीसाठी, दोन फुटतील म्हणून. देठ ठेवून चार चिरा द्या, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसून सारण भरा. कढईत तीन चमचे तेलाची फोडणी, त्यात वांगी एका थरात. उरलेलं सारण पाऊण वाटी पाण्यात कालवून बाजूने सोडा. झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. मधे एकदाच, तेही चमच्याने उलटा. कवळीवाल्यांसाठी वांगं देठापर्यंत मऊ हवं. सुरी टोचली तर अडता कामा नये.

*सव्वासहा वाजता, भाताची तयारी.* दीड वाटी आंबेमोहर धुऊन निथळत ठेवा. वाटीभर मटार, उभी चिरलेली दहा-बारा तोंडली, फोडणीचं साहित्य, तीन चमचे गोडा मसाला ओट्यावर ओळीने मांडा. गॅस मात्र अजून पेटवायचा नाही.

*पावणेसात वाजता, भाकरी.* ज्वारीच्या तीन नेहमीच्या भाकरी करा आणि वाटीने तीन इंची गोल कापा, प्रत्येकी दोन. कडा आचाऱ्याने लोणी लावून उभ्या उभ्या खाव्यात. गोल भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात.

७. सात वाजता: ट्यूबलाइट बंद, औक्षण सुरू

टेबलावर एक दिवा आणि भिंतीकडचा पिवळा दिवा पुरतो. पण ज्येष्ठांना ताटलीतलं दिसलं पाहिजे. अंधारात काय खातोय ते कळत नसेल तर ती शोभा कामाची नाही. गाणं लावायचं तर शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागणार नाही इतपतच. मोबाइल एका टोपलीत ठेवा.

केक कापायचा असेल तर दुपारी नातवंडांबरोबर कापा. आधी तो पोटात गेला की पुढच्या सातही पदार्थांची चव जाते. इथे फक्त औक्षण. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. पंचाहत्तर दिवे लावायचा मोह आम्हालाही झाला होता. पण त्यासाठी पंखा बंद ठेवावा लागतो आणि दिवे पेटवणारा माणूस तासभर अडकतो. एक निरांजन पुरलं.

८. वाढण्याचं वेळापत्रक

हा कागद फ्रिजवर चिकटवा:

- ७.२०: सुरळीची वडी, प्रत्येकी दोन. याच वेळी टोमॅटोचा रस गूळ-मीठ घालून उकळायला ठेवा.
- ७.३५: सार. गॅस बारीक करून नारळाचं दूध घाला, तुपात जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्या, वाफ येताच उतरवा. उकळलं तर फुटतं. अर्धा कपच भरा.
- ७.४०: भात फोडणीला. भाज्या परता, तांदूळ आणि मसाला घालून दोन मिनिटं परता, तीन वाट्या कढत पाणी ओता (तांदूळ नवा असेल तर अडीच). झाकून वीस मिनिटं मंद आच, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडू नका.
- ७.५०: गरम ताटलीत वांगं मधोमध, खाली चमचाभर रस, बाजूला एक भाकरी, लोण्याचा लहान गोळा.
- ८.१५: कोकमाचा बर्फ, दोन चमचे. डबा दोन मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर दात कळवळतात. ताटल्या आत्ता धुवा.
- ८.२५: मसालेभात. वाटीला तूप लावून मूद पाडा, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. तूप टेबलावर वाढप्याने वाढायचं.
- ८.५०: श्रीखंड. दोन चमचे गरम पाण्यात बुडवा आणि एका चमच्यातून दुसऱ्यात फिरवत लांबट गोळा करा. बाजूला स्ट्रॉबेरीचे तीन काप.
- ९.०५: विडा. वयस्करांना सुपारी नको. गुलकंद, बडीशेप, खोबरं, वेलदोडा पुरे.

९. वाढप्याला चार सूचना

पहिली ताटली उत्सवमूर्तीची, मग वयाप्रमाणे. आमच्याकडे हा नियम पाळायला सगळ्यात जड गेला बाबांना नाही, आईलाच गेला. तिने पहिल्यांदा ताटली सरळ बाबांकडे सरकवली. दादाने ती परत तिच्यापुढे ठेवली.

ताटली ठेवताना पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे हे एका वाक्यात सांगा. "आई, टोमॅटोचं सार, नारळाचं दूध घातलंय." बास. कौतुक ऐकायला उभं राहू नका.

सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय एकाचीही ताटली उचलू नका. शेवटपर्यंत सावकाश जेवणाऱ्याला त्याने घाई होते.

आग्रह एकदाच, तोही भाताला. पंगतीतला आग्रह हा प्रेमाचा असतो, पण सात टप्प्यांच्या जेवणात तो पुढच्या पदार्थावर अन्याय करतो.

१०. पाण्याचं काम वेगळ्या माणसाला द्या

वाढपी ताटल्यांत गुंतलेला असतो, त्याला ग्लास दिसत नाहीत. म्हणून तांब्या टेबलावरच्याच कुणाच्या तरी हाती द्या. आम्ही तो बाबांना दिला. त्यांचं वय एकोणऐंशी आणि उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःचं पाणीही उठून घेतलेलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं, की आईचा ग्लास अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. ते गंभीरपणे कामाला लागले. साराच्या वेळी तिने एक घोट घेतला, त्यांनी भरला. वांग्याला दोन घोट, पुन्हा भरला. भातापर्यंत पाच वेळा झालं तेव्हा आई म्हणाली, "अहो, पुरे आता." पण ग्लास तिने बाजूला केला नाही.

११. काही चुकलंच तर

सार फुटलं तर गाळून घ्या, चमचाभर ताजं नारळाचं दूध मिसळून वाढा, कुणाला कळत नाही. सुरळीच्या वड्या गुंडाळताना तुटल्या तर तुकडे वाटीत भरून वर फोडणी द्या. भात खाली लागला तर पातेलं हलवू नका, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. आमची एक भाकरी कापताना भंगली, आणि ती मावशीच्या ताटलीत गेली. तिने तेवढ्यात ओळखलं, "आचारी नवा दिसतोय!"

१२. शेवटचा टप्पा: भांडी

सव्वानऊला आई सवयीने ताटल्या रचायला लागेल. दादाने तिच्या हातातून त्या काढून घेतल्या तेव्हा ती म्हणाली, "मग मी काय करू?" पुतणीने विड्याचं तबक पुढे केलं.

पाहुणे गेले, पाय दुखताहेत, आचारी आणि वाढपी आत्ता कुठे श्रीखंडाशी बसलेत, आणि भांडी सकाळी बघू असं वाटतं. तसं करू नका. शेवटची वाटी घासून, ओटा पुसून, ओलं फडकं वाळत टाकूनच झोपा. सकाळी आई तुमच्या आधी उठते.